अ‍ॅप विकून घर चालतं का?



"सर, नोकरी सोडून अ‍ॅप बनवायला बसू का?" हा प्रश्न आता प्रत्येक बॅचमध्ये येतो. माझं मत सरळ आहे. एकटा माणूसही अ‍ॅपमधून कमावू शकतो. पण अ‍ॅप बनवणं म्हणजे धंदा नाही. गिऱ्हाईक मिळवणं आणि टिकवणं हा धंदा.

बरेच जण फ्लॅपी बर्डचं उदाहरण देतात. व्हिएतनामच्या डाँग न्यूयेनने तो गेम एकट्याने बनवला. 2014 मध्ये जाहिरातींतून रोज 50 हजार डॉलर मिळतात, अशा बातम्या होत्या. खरंय, पण ती लॉटरी झाली. लॉटरीच्या भरवशावर कोणी दुकान टाकतं का?

आता आपला हिशोब. गूगल प्लेवर नोंदणीला एकदाच 25 डॉलर. अ‍ॅपलकडे दरवर्षी 99 डॉलर. 2021 पासून दोघांनीही छोट्या डेव्हलपरचं कमिशन 30 वरून 15 टक्क्यांवर आणलं. बाजारपेठेत गाळा घेतला तर भाडं द्यावंच लागतं, तसंच हे.

समजा, अ‍ॅप 100 रुपयांना विकलं. कर बाजूला ठेवला तरी हातात 85. महिन्याला 30 हजार हवे असतील तर 353 विक्री. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा 353 नवीन माणसं! कारण जुन्यांनी एकदाच पैसे दिलेत. इथेच बहुतेकांचा दम संपतो.

आता दुसरा रस्ता. मेस चालवणाऱ्या काकूंना रोजचे खाडे मोजायचे असतात. दूधवाल्याला रतीबाचा हिशोब ठेवायचा असतो. त्यांच्यासाठी मराठीत, साधं अ‍ॅप. वर्षाला 1,200 रुपये. असे 300 जण मिळाले तर 3,60,000. कमिशन जाऊन 3,06,000. म्हणजे महिन्याला साडेपंचवीस हजार. काम चोख असेल तर पुढच्या वर्षी यातले बरेच जण परत पैसे भरतात. मात्र त्यांचे फोन उचलावे लागतील, बिघाड त्याच दिवशी काढावा लागेल. 300 गिऱ्हाइकं एका महिन्यात येणार नाहीत, हेही धरून चाला.

गूगलची एक अट मला तर आवडते. नवीन वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. मुलं वैतागतात. मी म्हणतो, फुकट वापरायला 12 जण मिळत नसतील तर पैसे देणारे 300 कुठून आणणार?

म्हणून नोकरी लगेच सोडू नका. संध्याकाळचे दोन तास काढा. एकच धंदा निवडा, त्यातल्या दहा जणांना भेटा, त्यांची वही बघा. त्यातल्या तिघांनी जरी वर्षाचे पैसे आगाऊ दिले, तर कोड लिहायला बसा. "छान आहे" म्हणणारे खूप भेटतील. खिशात हात घालतो तोच गिऱ्हाईक!