शाळा आधी, मान्यता मग

महाराष्ट्रात खासगी शाळा काढायची तर पहिली पायरी शाळेची नसते, संस्थेची असते. एकट्यादुकट्या माणसाला, त्याच्या नावापुढे कितीही पदव्या असल्या तरी, नवी शाळा काढण्याचा अर्जच करता येत नाही. त्यासाठी न्यास, सोसायटी किंवा कंपनी लागते. न्यासाची नोंदणी 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते, सोसायटीची 1860 च्या कायद्याखाली. कंपनी पूर्वी ना-नफा तत्त्वावरचीच चालत असे. 2017 मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती केली आणि चारचौघींसारख्या कंपनीलाही हे दार उघडले. शिक्षणसंस्थेने माफक शिल्लक राखावी, नफेखोरी करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये टीएमए पै खटल्यात सांगून ठेवले आहे. शिल्लक कुठे संपते आणि नफेखोरी कुठे सुरू होते, हे अर्थात शाळेच्या सनदी लेखापालालाच ठाऊक.

संस्था झाली की प्रस्ताव. विनाअनुदानित म्हणून परवानगी घ्यायची आणि पुढे अनुदानासाठी रांग लावायची, हा राज्याचा जुना अनुभव. म्हणून 2012 चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. या कायद्याखालच्या शाळेने सरकारकडे हात पसरायचे नाहीत. जागा मालकीची आहे की दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची, संस्थेच्या गाठीशी किती पैसा आहे, माध्यम कोणते, इयत्ता कोणत्या, अशी सगळी कागदपत्रे जोडून अर्ज जातो. छाननी झाली की इरादापत्र मिळते. इरादापत्र म्हणजे परवानगी नव्हे. अटी पुऱ्या करा, मग बघू, एवढाच त्याचा अर्थ. पण त्याच्या जोरावर ‘प्रवेश सुरू’चे फलक लागलेले दिसतात.

खरी कसोटी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची. त्याच्या कलम 18 नुसार मान्यतेच्या प्रमाणपत्राशिवाय शाळा चालवता येत नाही आणि कलम 19 नुसार परिशिष्टातले निकष पाळल्याशिवाय मान्यता मिळत नाही. हे परिशिष्ट मुळातून वाचण्याजोगे आहे. पहिली ते पाचवीत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 90 पर्यंत तीन. प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, अडथळ्यांविना आत येण्याची सोय, कुंपण किंवा आवारभिंत. पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन, सहावी ते आठवी 220 दिवस आणि 1000 तास. ग्रंथालयात वर्तमानपत्र, मासिके आणि गोष्टीची पुस्तकेही हवीत. मात्र पुस्तके किती, ते लिहिलेले नाही. मैदान हवे, पण केवढे, तेही परिशिष्टात नाही. मग इमारतीच्या तळघरात, दोन मोटारींच्या मधल्या जागेत, पांढऱ्या रंगाच्या चार रेघा मारून ‘क्रीडांगण’ तयार होते आणि अहवालात रकाना भरला जातो.

अग्निसुरक्षेचा रकाना तरी असा भरू नये. तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला 16 जुलै 2004 रोजी आग लागली आणि 94 मुले गेली. त्यानंतर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविनाश मेहरोत्रा खटल्यात देशभरच्या शाळांना अग्निशमन साधने आणि इमारतीच्या सुरक्षिततेचे बंधन घातले. प्रस्तावातल्या अग्निसुरक्षेच्या प्रमाणपत्रामागे एवढा इतिहास आहे.

केंद्रीय मंडळाची संलग्नता ही राज्याच्या मान्यतेहून वेगळी गोष्ट. दोन्ही लागतात, आणि एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही. ‘सीबीएसई पॅटर्न’ नावाची तिसरी चीज कोणत्याही कायद्यात नाही. ती फक्त फलकावर आणि रिक्षांच्या पाठीवर आढळते. शिक्षण हक्क कायद्याचा अंमलही सहा ते चौदा वयापुरता. त्यामुळे पहिलीच्या वर्गासाठी एवढी नस्ती जमवावी लागते, पण अडीच वर्षांच्या मुलाचा प्लेग्रुप त्या परिशिष्टाबाहेर. ज्या वयात मूल स्वतःची तक्रारही सांगू शकत नाही, नेमके तेच कायद्याच्या नजरेतून निसटले, हा या रचनेतला सर्वांत मोठा दोष आहे.

मान्यतेविना शाळा चालवली तर दंड एक लाख रुपयांपर्यंत, आणि तरीही चालूच ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. 2009 मध्ये लाखाचा आकडा धाक घालणारा असेल; आज मोठ्या शहरातल्या कितीतरी शाळांत तो एका मुलाच्या वार्षिक फीइतकाही भरत नाही. मान्यता काढून घेतल्यास मुलांना जवळच्या कोणत्या शाळेत घालायचे, हे आदेशातच लिहावे लागते; कायद्याने एवढा विचार केला आहे. पण मुळात मान्यताच नसलेल्या शाळेतल्या मुलांची सोय ऐनवेळी शोधावी लागते. महापालिका आणि जिल्हा परिषदा दर वर्षी अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतात. ती बहुधा शाळा उघडण्याच्या तोंडावर येते, म्हणजे पालकांनी हिवाळ्यातच फी भरून, गणवेश शिवून, बसची जागा अडवून झाल्यावर. शिवाय गेल्या वर्षीच्या यादीतली काही नावे यंदाही तिथेच असतात. दंडाची वसुली किती झाली, हे मात्र यादीत नसते.

ही यादी डिसेंबरअखेर, प्रवेशाचे अर्ज निघण्यापूर्वी लावणे प्रशासनाला अवघड नाही. ते होईपर्यंत पालकांनी पहिला हप्ता भरण्याआधी शाळेच्या कार्यालयात तीन गोष्टी मागून पाहाव्यात: चालू मुदतीचे मान्यता प्रमाणपत्र, यू-डायस क्रमांक (सरकारी माहितीकोशातला शाळेचा क्रमांक) आणि मंडळ केंद्रीय असेल तर संलग्नता क्रमांक. ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे उत्तर मिळाले, तर फीची प्रक्रियाही तोवर थांबवावी.