सिंधू मरते, हे सांगावे काय?

दक्षिण ध्रुवाकडच्या बातम्या आमच्यापर्यंत सहसा पोहोचत नाहीत. तिकडे बर्फ आहे, पेंग्विन आहेत आणि अधूनमधून शास्त्रज्ञ आहेत, एवढेच आमचे त्या खंडाविषयीचे ज्ञान. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये किंग जॉर्ज बेटावरच्या बेलिंग्सहाउझेन या रशियन तळावरून एक बातमी आली आणि आम्ही हातातला चहाचा कप खाली ठेवला. तळावरच्या एका अभियंत्याने तिथल्याच एका वेल्डरच्या छातीत सुरी खुपसली. वेल्डर वाचला, त्याला उपचारांसाठी चिलीला हलवण्यात आले. इथवर ही साधी गुन्हेवार्ता. मात्र एका ब्रिटिश टॅब्लॉइडने भांडणाचे कारण असे छापले, की हा वेल्डर अभियंत्याला पुस्तकांचे शेवट आधीच सांगून टाकत असे!

दुसऱ्या वृत्तांत भांडणाचे कारण निराळेच दिले होते, आणि २०१९ मध्ये दोघांचा समेट झाल्यामुळे सेंट पीटर्सबर्गच्या न्यायालयाने खटलाही निकालात काढला. पुस्तकांची गोष्ट बहुधा वार्ताहराच्या प्रतिभेचीच. पण जगभर पसरली ती हीच. त्यात नवल नाही. बर्फात कोंडलेली दोन माणसे भांडली, ही बातमी कोण लक्षात ठेवील? पुस्तकाच्या शेवटासाठी सुरी उपसणारा वाचक मात्र विसरता येत नाही. साहित्याच्या मास्तराला तर नाहीच नाही. आमच्या उभ्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याने पुस्तकाच्या प्रेमापोटी साधी पट्टीदेखील उगारलेली नाही. (खरे तर आम्ही तो अभियंता शोधून त्याला एम. ए.च्या वर्गात बसवायला तयार होतो.)

ही बातमी आठवण्याचे कारण मात्र ध्रुवावरचे नव्हे, वर्गातले आहे. परवा आम्ही ‘एकच प्याला’ शिकवायला घेतले. पहिलाच तास. गडकऱ्यांच्या शोकात्म दृष्टीविषयी चार भारदस्त वाक्ये बोलून आम्ही ‘सिंधूच्या मृत्यूनंतर सुधाकर जेव्हा विष घेतो...’ असे म्हणालो मात्र, तिसऱ्या बाकावरून एक मुलगी कळवळून म्हणाली, ‘सर! स्पॉयलर!’

वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण ते हसू मास्तरी होते. नाटक रंगभूमीवर आले १९१९ साली. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. दुसऱ्याच्या जमिनीवर बारा वर्षे बिनतक्रार ताबा ठेवला, तर मूळ मालकाचा हक्क बुडतो, असा कायदा आहे म्हणतात. मग शतकभरापूर्वी मेलेल्या सिंधूविषयी गुप्तता पाळण्याचा हक्क अजून शाबूत कसा? असे बरेच काही आम्ही त्या मुलीला सुनावले. तिने ऐकून घेतले. तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला राग म्हणता येणार नाही. डब्यातला शेवटचा लाडू दुसऱ्याने उचलला की लहान मुलाचा चेहरा होतो, तसा तो होता.

घरी आल्यावर आम्ही शास्त्राधार शोधायला बसलो. मास्तर वादात हरला की करतो ते हेच.

प्रथम शब्दच घ्या. स्पॉयलरला मराठीत काय म्हणावे? लोक ‘शेवट फोडला’ म्हणतात आणि ते आम्हांला फार आवडते. आपल्याकडे पेपर फुटतो, बिंग फुटते, गुपित फुटते. त्याच ओळीत शेवटही फुटतो. म्हणजे गोष्टीचा शेवट हा लाखेची मोहोर केलेल्या पाकिटातला ऐवज आहे आणि ठरल्या वेळेआधी तो बाहेर येणे हा गैरप्रकार आहे, असे ही भाषा गृहीत धरते. विद्वान मंडळी मात्र ‘रसभंग’ हा शब्द सुचवतात, आणि तिथे पंचाईत होते. कारण रसभंगाविषयी आपल्या पूर्वसूरींनी पुष्कळ विचार करून ठेवला आहे, आणि त्यात शेवट फोडणाऱ्याचा साधा उल्लेखही नाही. आनंदवर्धनाच्या मते औचित्य सुटणे याखेरीज रसभंगाला दुसरे कारणच नाही. अभिनवगुप्ताने रसास्वादातली सात विघ्ने मोजली. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणे हेही त्यांत येते (आजच्या भाषेत: नाटक चालू असताना मोबाइल पाहणे). पण शेवट ठाऊक असणे हे काही त्या सातांत नाही. उलट नाटकाची कथा प्रख्यात असावी, असाच नाट्यशास्त्राचा दंडक. रामाचा पराक्रम पटतो, कारण राम आधीपासून ओळखीचा असतो. त्या सात विघ्नांत ‘संशय’ मात्र आहे, आणि या संशयाचा अर्थ निराळा आहे हे ठाऊक असूनही आम्ही तो आमच्या बाजूने वापरायचे मनाशी ठरवून टाकले. एवढी लबाडी वादात चालते.

आमच्या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार मात्र शास्त्रातला नाही, दूरदर्शनवरचा आहे. रामानंद सागरांचे ‘रामायण’ जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी लागे तेव्हा रस्ते ओस पडत, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. एका तरी प्रेक्षकाला रावणाचे पुढे काय होणार याची शंका होती काय? मालिका राज्याभिषेकापाशी संपणार, उत्तरकांड दाखवणार नाहीत, हे कळल्यावर तर विलक्षणच घडले. जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकींना आपले मानणाऱ्या या माणसांना पुढची कथा हवी होती. संप उत्तरेतल्या इतर शहरांत पसरला, कचऱ्याचे ढीग साचू लागले आणि शेवटी सरकारला नमते घेऊन पुढचे भाग काढावे लागले.

या घटनेवर आम्ही वर्गात पुष्कळदा बोललो आहोत आणि दर वेळी मुले हसतात. पण क्षणभर थांबून पाहावे. त्या कामगारांना उत्तरकांडात काय घडते हे अर्थातच माहीत होते. जे माहीत आहे तेच पडद्यावर यावे, आपल्या ऋषीच्या आश्रमापर्यंत गोष्ट पोहोचावी, यासाठी त्यांनी रोजी बुडवली. कथेच्या शेवटावर कोणाचा हक्क, हा प्रश्न इतक्या ठामपणे आपल्या एकाही चर्चासत्रात मांडला गेल्याचे आम्हांला स्मरत नाही. आणि चर्चासत्रात निदान प्रवासभत्ता तरी मिळतो.

आता विलायतेकडे पाहावे. अगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ लंडनच्या वेस्ट एंडमध्ये १९५२ पासून चालू आहे. मध्ये कोविडने पडदा पाडला तेवढाच खंड. प्रयोग संपला की नट प्रेक्षकांना विनवतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. एवढ्या वर्षांत तेवढे सारे प्रेक्षक एक गुपित सांभाळून आहेत, ही कल्पनाच मोठी रम्य आहे. २०१० मध्ये विकिपीडियावर खुन्याचे नाव दिसते म्हणून ख्रिस्तीच्या नातवाने नाराजी व्यक्त केली. विकिपीडियाने नाव काढले नाही, आणि नाटक तरीही चाललेच. म्हणजे ते गुपितावर चालत नसावे. आपल्याकडे ‘कटप्पाने बाहुबलीला का मारले’ या प्रश्नाने जुलै २०१५ ते एप्रिल २०१७ अख्ख्या देशाला कामाला लावले होते. उत्तर मिळाले आणि प्रश्न त्याच आठवड्यात मेला. कटप्पाचे उत्तर आज आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना आठवत नाही. प्रश्न मात्र सर्वांना पाठ आहे.

अमेरिकेत तर यावर प्रयोगही झाले. सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये वाचकांना बारा कथा दिल्या. काहींना शेवट आधी सांगून, काहींना न सांगता. शेवट सांगितलेल्यांनाच कथा अधिक आवडल्या, असे निघाले. हे वाचून आम्ही विजयी मुद्रेने उठलो. पुढे दुसऱ्या संशोधकांना याच्या उलट आढळले, तेव्हा पुन्हा खाली बसलो.

पुढचा मजकूर ज्यांनी ‘सैराट’ पाहिलेला नाही त्यांनी वगळावा. (पाहा, आम्हीही हे शिकलो!) हा चित्रपट एप्रिल २०१६ च्या अखेरीस आला. आम्ही तो दुसऱ्या आठवड्यात पाहिला, आणि तोवर शेजारच्या काकूंनी जिन्यातच सांगून टाकले होते, ‘शेवटी दोघांनाही मारतात हो.’ आम्ही चरफडलो. चित्रपटगृहात ‘झिंगाट’ लागले आणि पुढच्या रांगांतली पोरे खुर्च्यांवरून उठून नाचू लागली. कोणी शिट्ट्या मारत होते, कोणी शर्ट काढून फिरवत होते. आमच्या शेजारचे एक गृहस्थ मांडीवर ठेका धरून होते. आम्ही एकटे हात जोडल्यासारखे बसलो होतो. पडद्यावर आर्ची हसत होती आणि त्या हसण्याला पुढे काय फुटणार आहे ते आम्हांला ठाऊक होते. मध्यंतरानंतर हैदराबादेत त्यांचा संसार उभा राहू लागला. गॅस, भांडी, बाळ. एकेक वस्तू घरात येताना आमच्या पोटात गोळा येत होता. अखेरीस सारे आवाज बंद झाले आणि ते पोर रक्ताची पावले उमटवत बाहेर आले, तेव्हा मघाशी नाचणारी मुले मुकाट बसून होती. त्यांना धक्का बसला होता. आमचा मात्र दीड तास चाललेला काहीतरी प्रकार तिथे संपला. त्याला धक्का म्हणता येणार नाही.

दोहोंत खरा अनुभव कोणता? आम्ही अनेक दिवस हेच धरून बसलो होतो, की काकूंनी आमच्यावर उपकारच केले. पण मग ध्यानात आले, की हा शेवट काकूंनी फोडलेलाच नव्हता. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, सोन्याच्या भावाखाली, दोन बोटे लांबीच्या मजकुरात तो कैक वर्षे छापून येत होता. गावाचे नाव बदलायचे, मुलामुलीचे वय बदलायचे, शेवट तोच. तो वाचून आम्ही पान उलटत होतो. नागराज मंजुळेंनी शेवट लपवला नव्हता. आपण तो विसरून नाचू शकतो, एवढेच त्यांनी दाखवले. पुढे २०१८ मध्ये ‘धडक’ हा हिंदी अवतार आला, तेव्हा ‘आम्हांला शेवट माहीत आहे’ अशा थाटात गेलेल्यांची त्याने फसगत केली. तिथे नवरा आणि मूल मारले जातात, मुलगी जिवंत राहते. शेवट बदलला, आणि आमच्यापुरते सांगायचे तर तो लक्षातही राहिला नाही.

एवढे सारे पुरावे घेऊन आम्ही पुढच्या तासाला निघालो होतो. भरत, अभिनवगुप्त, जालंधरचे कामगार, काकू. त्या मुलीची आता काय बिशाद! पण वर्गाच्या दाराशी एका मुलाच्या हातात परीक्षेसाठी छापलेले मार्गदर्शक दिसले आणि आम्ही ते सहज चाळले. पहिल्या पानावर कथानकाचा सारांश, अर्ध्या पानात. सिंधूचा मृत्यू सातव्या ओळीत. पुढे ‘‘एकच प्याला ही शोकात्मिका आहे, सोदाहरण स्पष्ट करा’’ हा प्रश्न, उत्तरासकट. मूळ नाटक उघडण्याची गरज कुठेही पडू नये, अशी चोख व्यवस्था. आणि असे प्रश्न काढणारांत आम्हीही आहोत. किती वर्षे आम्ही हेच करत आलो! नाटकाचे पहिले पान वाचण्याआधी त्याचे अखेरचे पान फळ्यावर लिहायचे आणि त्याला रसग्रहण म्हणायचे.

रामाची कथा ठाऊक असलेला प्रेक्षक आणि हे मार्गदर्शक पाठ केलेला विद्यार्थी यांना आम्ही एकाच पारड्यात टाकत होतो. पहिल्याने ती गोष्ट आजीच्या मांडीवर, कीर्तनात, गावच्या दशावतारात शंभरदा ऐकलेली असते; त्याला शेवट ठाऊक असतो, कारण तो त्या वाटेने चालून आलेला असतो. दुसऱ्याला आम्ही थेट स्मशानात नेऊन उभे करतो आणि विचारतो, ‘सांग, मयताचा स्वभाव कसा होता?’ अभिनवगुप्ताचा आधार घ्यायला आमचे तोंड उरले नव्हते.

आणि मुख्य म्हणजे वर्गातल्या साठ मुलांपैकी ओरडली ती एकटीच. बाकीच्या एकोणसाठांना शेवट कळल्याचे काडीचेही दुःख झाले नाही. त्यांनी तो वहीत उतरवून घेतला. जिला ते पुस्तक खरोखर उघडायचे होते, तिलाच वाईट वाटले. ध्रुवावरचा तो (बहुधा काल्पनिक) अभियंता आमच्या वर्गात बसला होता आणि आम्ही त्याला मुदतीचा कायदा ऐकवत होतो!

आम्ही त्या दिवशी काहीच सिद्ध केले नाही. पहिला अंक उघडला आणि नुसता वाचत गेलो. सुधाकराच्या शब्दापाशी थांबलो, सिंधूच्या शब्दापाशी थांबलो, पुढे काय होणार याविषयी अवाक्षर काढले नाही. तास संपताना साठांतली वीसेक मुले जांभया देत होती, हेही सांगितले पाहिजे.

काल ती मुलगी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर भेटली. हातात नाटकाची जुनी प्रत, पाठीला चिकटपट्टी लावलेली. आम्ही दुरूनच विचारले, ‘काय, कुठवर आलीस?’ तिने पुस्तकात बोट घालून ते मिटले आणि घाईघाईने हात वर केला. ‘सर, सिंधूचं सांगितलंत ते सांगितलंत. तळीरामाविषयी मात्र एक शब्द बोलू नका.’

आम्ही मान डोलावली आणि छत्री उघडून चालू लागलो.