लांडगा आला रे... पहाटे पावणेतीन वाजता!

परवा एका मित्राचा फोन. त्याच्या कंपनीत नेटवर्क मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचंय. बॉसने चार नावं दिली आणि नेहमीप्रमाणे "एक कम्पॅरिझन शीट बनव" म्हणून सांगितलं. चार कॉलम, साठ ओळी. मी म्हटलं, बाबा रे, ती शीट भरून झाली की चारही कॉलम सारखेच दिसतील. सगळ्यांचे सेल्सवाले सगळ्याला "हो"च म्हणतात :)

आणि ते खोटंही बोलत नाहीत. मोजण्याचा प्रश्न केव्हाच सुटलाय. राउटर-स्विचला "बाबा, कसा आहेस?" असं विचारायची एसएनएमपी नावाची पद्धत 1988 पासून आहे. टोबियास ओटिकरच्या एमआरटीजीने 1995 च्या सुमारास दर पाच मिनिटांनी ट्रॅफिक मोजून त्याचे आलेख काढायला सुरुवात केली. नाजिओस 1999 मध्ये नेटसेंट या नावाने आलं, झॅबिक्स 2001 मध्ये. पीआरटीजी जर्मनीचं, ऑपमॅनेजर आपल्या चेन्नईच्या झोहोचं. पिंग करणं, डिस्क किती भरली ते बघणं, आलेख काढणं हे यातल्या प्रत्येकाला येतं.

मग फरक कशात? माझ्या मते एकाच गोष्टीत. ते माणसाला झोपेतून कधी उठवतं, आणि मुख्य म्हणजे कधी उठवत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, ठेच लागली म्हणून सांगतोय. माझ्या पहिल्या प्रोजेक्टवर नाइट शिफ्ट होती. क्लायंटच्या एका ब्रँचचा राउटर रोज रात्री दोन-चारदा मान टाकायचा. त्याच्यामागे 40 डिव्हाइस. म्हणजे राउटर पडला की 41 मेल्स, परत उठला की आणखी 41. महिन्याभरात मी (आणि खरं सांगायचं तर टीममधल्या सगळ्यांनीच) मेलबॉक्समध्ये एक रूल टाकला. सगळे अलर्ट थेट वेगळ्या फोल्डरमध्ये. वाटलं, सकाळी बघू.

महिनाअखेरीला पहाटे पावणेतीनला फोन वाजला. सॉफ्टवेअरचा नव्हे, क्लायंटचा. बिलिंगचा डेटाबेस बंद पडला होता, डिस्क फुल्ल. सकाळी मॅनेजरने विचारलं, "अलर्ट आला नव्हता का?" आला होता ना! तीन रात्री येत होता. नव्वद टक्के, पंच्याण्णव टक्के, सगळं त्या फोल्डरात शिस्तीत पडून होतं. "आला नव्हता" म्हणणं परवडलं असतं, "आला होता" म्हणताना जीभ जड झाली.

"लांडगा आला रे"च्या गोष्टीत आपण त्या पोराला दोष देतो. इथे ओरडणारं पोर सॉफ्टवेअर होतं आणि कान बंद केलेले गावकरी आम्ही. पुढे क्लायंटने ते सॉफ्टवेअर बदलून महागडं घेतलं. दोन महिन्यांत पुन्हा तोच गोंगाट, पुन्हा तोच रूल.

कारण गोंगाट थांबवायची सोय पहिल्यातही होती, ती कुणी वापरलीच नव्हती. नाजिओसमध्ये कुठलं डिव्हाइस कुणाच्या मागे आहे हे "पेरेंट" लिहून सांगता येतं. मग राउटर "डाऊन" आणि मागचे 40 नुसते "अनरीचेबल" धरले जातात, त्यांच्या मेल्स बंद ठेवता येतात. एकदा पिंग चुकला म्हणून लगेच बोंब न मारता आणखी किती वेळा तपासायचं, तेही ठरवता येतं. पण हे सगळं टेक्स्ट फाइलमध्ये हाताने. झॅबिक्समध्ये हेच वेब स्क्रीनवरून होतं, शिवाय तयार टेम्प्लेट्स मिळतात. मात्र टेम्प्लेटबरोबर डझनावारी ट्रिगरही येतात, ते निवडून बंद करायला बसावं लागतं. पीआरटीजी तासाभरात सुरू होतं, पण हिशेब सेन्सरवर. 48 पोर्टच्या स्विचचा प्रत्येक पोर्ट बघायचा तर 48 सेन्सर खर्च. ऑपमॅनेजरमध्ये हिशेब डिव्हाइसवर, त्यामुळे मोठे स्विच असलेल्यांना तो सोपा जातो. फुकटवाल्यात पैसे वाचतात आणि माणसाचा वेळ जातो. विकतवाल्यात पैसे जातात आणि वेळ... तोही जातोच, थोडा कमी. तो वेळ कुणाचा, हे शीटमध्ये कुणीच लिहीत नाही.

आता कुणी म्हणेल, मग अलर्ट कमी केले की झालं? तसंही नाही. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिकेतल्या ओहायोमधल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीची अलार्म यंत्रणाच दुपारी सव्वादोनच्या सुमारास गप्प झाली. कंट्रोल रूममधल्यांना वाटत राहिलं, सगळं ठीक चाललंय. चार वाजून गेल्यावर अमेरिका-कॅनडातले सुमारे 5 कोटी लोक अंधारात. कारणं बरीच होती, पण हे त्यातलं एक मोठं. म्हणजे शांतता हवी, पण ती खरी आहे ना हेही कळायला हवं. पहारेकरी जागा आहे का, हे बघणारं एखादं छोटं स्क्रिप्ट दुसऱ्याच मशीनवर हवंच.

असो. मित्राला मी शेवटी एवढंच सांगितलं. शीट भर, बॉसला लागतेच. पण चारही सॉफ्टवेअरची ट्रायल घे, आपल्याच नेटवर्कवर लाव, डिपेंडन्सी नीट भर. मग एखाद्या शनिवारी रीतसर परवानगी काढून एका ब्रँचच्या राउटरची केबल उपट आणि फोनवर किती मेसेज येतात ते मोज. एक आला तर ते सॉफ्टवेअर घे. एक्केचाळीस आले तर किंमत कितीही कमी असो, विचार कर. कारण त्या मेल्सचा रूल बनवणारा माणूस तूच असणारेस.