'आमच्या वेळी' म्हणजे नेमके कोणाच्या वेळी?

'आमच्या वेळी' या दोन शब्दांनी वाक्य सुरू झाले की मी सावध होते. पुढे काय येणार ते आता पाठ झाले आहे. आमच्या वेळी सगळे कसे साधे आणि शुद्ध होते. दूध घरचे, तूप घरचे, जात्यावरचे पीठ, चुलीवरची भाकरी. म्हणून तर माणसे ठणठणीत असायची, शंभरी गाठायची! माझ्याच वयाची, सत्तरी ओलांडलेली मंडळी हे छातीठोकपणे सांगतात. नातवंडे मान डोलावतात. संध्याकाळी तेच व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत माझ्याकडे येते, खाली हात जोडलेले चित्र.

मी ३१ वर्षे सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मराठी आणि इतिहास शिकवला. इतिहास शिकवलेल्या बाईला हे ऐकून गप्प बसवत नाही. म्हणून आज थोडे कडू लिहिणार आहे. नातेवाईक मंडळींनी राग मानू नये. मानला तरी लिहिणारच आहे!

आधी एक स्पष्ट करते. साधे राहावे, कमी वस्तूंत राहावे, घरचे ताजे खावे, पायी चालावे हे मलाही मान्य आहे. माझे भांडण साधेपणाशी नाही. साधे राहायचे म्हणजे मागे जायचे, या समजुतीशी आहे.

शंभरीचेच घ्या. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. सरासरी इतकी खाली असण्याचे मोठे कारण म्हणजे लहानपणीच दगावणारी लेकरे. जी तगली, त्यांतले काही जण नव्वदीपर्यंतही पोचले. आपण त्यांचे फोटो भिंतीला लावतो आणि म्हणतो, बघा जुनी हाडे! जी गेली त्यांचे फोटो कुणी काढलेच नव्हते. आमच्या पिढीतल्या कोणत्याही बाईला विचारा, तुझी भावंडे किती? ती दोन आकडे सांगेल. एक झालेल्यांचा, एक राहिलेल्यांचा.

वर्गात देवीचे वण असलेली मुले मी पाहिली आहेत. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, आणि १९८० मध्ये सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. ते काम ना गाईच्या तुपाने केले, ना तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याने. लसीने केले, आणि ती लस घेऊन वस्त्यावस्त्या तुडवणाऱ्या माणसांनी केले. नारू आठवतो का कुणाला? पायऱ्यांच्या विहिरीतले 'शुद्ध' पाणी प्यायचे आणि वर्षभराने पायातून हातभर किडा बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटू द्यायचा नाही. भारत नारूमुक्त झाल्याचे २००० साली जाहीर झाले. तो गेला पाणी गाळायच्या फडक्यामुळे, हातपंपामुळे, आणि विहिरीत पाय बुडवू नका हे घरोघर सांगितल्यामुळे. फडके! याहून साधी वस्तू कोणती? पण ते वापरायचे का, हे ज्ञान नवे होते. मला हवा असलेला साधेपणा तो हा.

आणि शुद्ध अन्न म्हणाल, तर १९७२ च्या दुष्काळात अन्नच नव्हते. परदेशातून आलेली लाल मिलो आम्ही खाल्ली. दुष्काळी कामांवर बायका खडी फोडत होत्या आणि सुकडीवर लेकरे जगत होती. तीच आता आजोबा झालेली लेकरे सांगतात की पूर्वी सगळे सकस होते!

आता मुख्य मुद्द्यावर येते. तुमचे ते साधे जीवन कोणाच्या जिवावर चालले होते?

जात्यावरचे पीठ चांगले असेल, पण जाते आपोआप फिरत नव्हते. पहाटे चारला उठून एक बाई ते ओढत होती. मग पाणी, मग शेण, मग चूल. चुलीवरच्या भाकरीची चव सगळ्यांना आठवते, फुंकणी फुंकून लाल झालेले डोळे आणि म्हातारपणीचा तिचा खोकला कुणाला आठवत नाही. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओव्या गोड असतात असे म्हणणाऱ्यांनी त्या जरूर वाचाव्यात. त्यांत लेकरांचे आणि विठ्ठलाचे कौतुक आहे, तसेच सासुरवासाचे आणि कष्टांचे रडगाणेही आहे. दळताना बाई गात होती, ती हौस म्हणून नव्हे. गायल्याशिवाय ते ओझे ढळत नव्हते. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा एकाही बाईने जात्यासाठी डोळ्यांतून पाणी काढलेले मी पाहिले नाही. जात्याची आठवण काढून गहिवरतात ते बहुधा ज्यांनी त्याचा खुंटा कधी धरला नाही ते.

म्हणजे आजचे सगळे गोमटे आहे का? मुळीच नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले. पाकिटातले खारट-गोड, दिवसभराची बैठक, दोन गल्ल्यांवर जायलाही गाडी, याची ती किंमत आहे. मुलांना हे सांगायलाच हवे. पण उपाय म्हणून भूतकाळ विकू नका. विकणारे दुकानदार आता पुष्कळ झाले आहेत. ज्या ज्वारीला कालपर्यंत गरिबाचे खाणे म्हणून नाक मुरडले, तीच २०२३ च्या भरडधान्य वर्षानंतर चकचकीत पुडीत दुप्पट-तिप्पट भावाने मिळते. साधेपणा पाकिटात आला की तो साधा उरत नाही. ती मालदांडी आमच्या बाजाराच्या दिवशी अजूनही पोत्यातून मोजून मिळते.

हे फक्त चवीचे भांडण असते तर मी एवढे लिहिले नसते. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ, शिकलेसवरलेले, रक्तदाबाची गोळी घेत होते. 'पूर्वी कुठे होत्या गोळ्या?' अशा एका संदेशावर विश्वासून त्यांनी ती बंद केली आणि कसलासा काढा सुरू केला. चार महिन्यांनी उजवे अंग गेले. वाचाही गेली. आज त्यांना घास भरवते ती त्यांची सत्तरीतली बायको. पूर्वीही माणसे अशीच जात होती. दाब मोजायला कुणी नव्हते, म्हणून 'देवाने नेले' म्हणायचे, एवढाच फरक.

मग करायचे काय? मला सुचते ते लिहिते.

भाकरी जरूर खा. पण जो तिचे गुण गातो त्याने ती थापायला शिकावे. निवृत्त पुरुषांकडे वेळच वेळ असतो, आणि परातीला बाई-पुरुष कळत नाही. पहिल्या पंधरा भाकऱ्या फाटतील. फाटू देत.

मिठाचा महिन्याचा हिशेब ठेवा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे चार माणसांच्या घरात महिन्याला जेमतेम सहाशे ग्रॅम, तेही लोणचे-पापडातले धरून. आपली पुडी किती दिवसांत संपते ते आजच बघा.

रोज अर्धा तास चाला. बागेपर्यंत गाडीने जाऊन मग चालू नका, भाजीलाच पायी जा. गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका. घरात वर्षभर हात न लागलेली भांडी, साड्या, चादरी ज्याला उपयोग आहे त्याला देऊन टाका, म्हणजे मागे राहणाऱ्यांना ते आवरत बसावे लागणार नाही.

आणि साधेपणाची कोणतीही नवी-जुनी कल्पना कानावर आली की एकच प्रश्न विचारा. याचे कष्ट कोण उपसणार? उत्तरात घरातल्या एकाच बाईचे नाव येत असेल, तर ते साधे जीवन नव्हे. ते दुसऱ्याच्या पाठीवरचे जीवन आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर भांडावे. फक्त येताना आपल्या आईला, आजीला, त्या नसतील तर मोठ्या आत्याला किंवा मावशीला विचारून यावे, की बाई, तुला परत त्या काळात जायचे आहे का?