जामीनदार नसलेला अर्ज

बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात माझी हयात गेली. आकडे जुळत; माणूस मात्र कागदाबाहेरच राही. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे गुणांबरोबर निबंधही मागतात. ‘कॉमन अ‍ॅप’वर मर्यादा ६५० शब्दांची. जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाला झुकते माप देणे घटनाबाह्य ठरवले. वंशामुळे वाट्याला काय आले, ते निबंधात सांगण्याची मुभा मात्र ठेवली. म्हणजे निबंधाचे वजन वाढलेच.

तिकडे अर्ज करणाऱ्या माझ्या नातीचा निबंध वाचला. सल्लागाराने तो इतका घासला होता, की तीच त्यात सापडेना. आईच्या आजारपणात वर्षभर तिने घर सांभाळले, त्याचा उल्लेखही नाही.

“त्यात काय सांगायचं, आजोबा?”

“कर्जाला जामीनदार चालतो, बाळा. याला नाही.”

ती पुन्हा लिहायला बसली आहे.