सुवर्णपदक 17 व्या वर्षी, हाडांचा हिशेब पुढचा

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 9 ऑगस्ट 2024 रोजी रिदमिक जिम्नॅस्टिक्सची वैयक्तिक अंतिम फेरी झाली. हूप, बॉल, क्लब आणि रिबन या चारही साधनांवर मिळून 142.850 गुण मिळवत जर्मनीच्या दारिया वारफोलोमेयेव्हने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा तिला अठरावे वर्षही लागायला तीन महिने होते. आदल्याच वर्षी वॅलेन्सियातल्या जागतिक स्पर्धेत तिने वैयक्तिक प्रकारांतली पाचही सुवर्णपदके मिळवली होती. ऑगस्ट 2025 मध्ये रिओ द जानेरोत झालेल्या जागतिक स्पर्धेतही सर्वंकष विजेतेपद तिच्याकडेच आले.

तिचा प्रवास या खेळात नेहमी दिसणारा आहे. जन्म सायबेरियातल्या बर्नाऊल शहरातला, 2006 सालचा. वयाच्या 12 व्या वर्षी ती जर्मनीत आली आणि स्टुटगार्टजवळच्या केंद्रात यूलिया रास्किना यांच्या हाताखाली सराव करू लागली. रास्किना स्वतः 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमधल्या रौप्यपदक विजेत्या. म्हणजे ज्या वयात शरीर सर्वांत वेगाने वाढते, नेमकी ती वर्षे रोजच्या कित्येक तासांच्या सरावात गेली.

आधीच्या विजेत्यांकडे पाहिले तर कारकीर्द किती आखूड असते ते कळते. 2008 आणि 2012 अशी लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणारी रशियाची येवगेनिया कानाएवा 22 व्या वर्षी निवृत्त झाली. 2016 ची विजेती मार्गारिता मामुन (तिचे वडील बांगलादेशी, त्यामुळे आपल्याकडेही तिचे थोडे कौतुक झाले होते) तेव्हा 20 वर्षांची होती. पुढच्या वर्षी तिने निवृत्ती जाहीर केली. टोकियोची विजेती, इस्रायलची लिनोय आश्राम, 22 व्या वर्षी थांबली. पॅरिसमध्ये रौप्य मिळवणारी बल्गेरियाची बोर्याना कालेन जेमतेम 24 वर्षांची होत होती आणि ‘अनुभवी’ म्हणून ओळखली जात होती! ज्या वयात क्रिकेटपटू संघात जागा पक्की करू पाहतो, त्या वयात इथे निरोपाचे समारंभ होतात.

याचे एक कारण खेळाच्या मागणीत आहे. 75 ते 90 सेकंदांच्या रचनेत पाठ धनुष्यासारखी मागे वाकवायची, एका पायावर तोल धरून दुसरा पाय डोक्यामागून वर न्यायचा आणि हवेत फेकलेले साधन न बघता झेलायचे. पाठ वारंवार मागे वाकल्याने कमरेच्या मणक्यांच्या मागच्या बाजूच्या बारीक हाडावर ताण येतो. तो रोज येत राहिला, तर तिथे चीर पडते. पाचव्या कटिमणक्यावर ही चीर जास्त आढळते. वाढत्या वयाच्या खेळाडूची कंबर दोन-तीन आठवडे दुखत असेल, विशेषतः मागे वाकताना, तर ‘स्नायू आखडला’ म्हणून मालिशीवर सोडून देणे धोक्याचे असते ते यामुळेच.

दुसरी अडचण एकाच बाजूच्या कामाची. बहुतेक मुली ठरावीक एका पायावर तोल धरतात, ठरावीक बाजूलाच वळतात. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या बल्गेरियातल्या एका अभ्यासात या खेळाच्या 100 मुली तपासल्या, तेव्हा 12 टक्के मुलींच्या पाठीचा कणा बाजूला वळलेला आढळला. सर्वसाधारण मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे 1.1 टक्के होते. अर्थात मुळातच सैल सांध्यांच्या मुली या खेळासाठी निवडल्या जातात, त्यामुळे सगळा दोष सरावाला देता येत नाही. संशोधकांनी सैल सांधे, लांबलेली वयात येण्याची प्रक्रिया आणि एकांगी ताण अशी तिन्ही कारणे एकत्र मांडली होती.

यातले मधले कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याचा संबंध थेट जेवणाच्या ताटाशी आहे.

समजा, एका मुलीचे वजन 42 किलो आहे आणि त्यातली चरबी वगळली तर 36 किलो उरते. ती दिवसाला 2000 कॅलरी खाते. ऐकायला हे भरपूर वाटते. पण दिवसभराच्या सरावात 1000 कॅलरी खर्च झाल्या, तर हृदय, मेंदू, हाडे, संप्रेरके या सगळ्यांसाठी 1000 च उरतात. म्हणजे चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे 28. निरोगी शरीराला साधारण 45 लागतात. 30 च्या खाली आकडा दीर्घकाळ राहिला, तर शरीर काटकसर सुरू करते. ही मर्यादा प्रत्येकीसाठी थोडी वेगळी असते, पण काटकसरीची पद्धत सारखीच. मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन घटते, पाळी लांबते किंवा थांबते. हाडांची झीज रोखून धरणारे हेच इस्ट्रोजेन. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला ‘खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता’ असे नाव दिले आणि 2023 मध्ये त्याविषयीची मार्गदर्शक मांडणी सुधारली. मुलगी बारीक दिसलीच पाहिजे असेही नाही. वजन स्थिर असूनही ही कमतरता असू शकते.

वयाचा प्रश्न इथे येतो. प्रौढपणी असणाऱ्या हाडांच्या खनिजसाठ्यापैकी सुमारे चतुर्थांश साठा उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याच्या आसपासच्या दोनच वर्षांत जमा होतो. मुलींमध्ये ही वर्षे साधारण 11 ते 14 मधली. ती संधी उपाशीपोटी गेली, तर नंतर कॅल्शियमच्या गोळ्यांनी पूर्ण भरपाई होत नाही. उड्यांच्या आघाताने हाडे मजबूत होतात, हेही खरे, आणि पुरेसे खाणाऱ्या जिम्नॅस्टना त्याचा फायदाच होतो. खेळ वाईट नाही. उपाशी ठेवून खेळवणे वाईट आहे.

ते घडते का? 2022 मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संघातल्या माजी खेळाडूंनी रोजची वजने आणि वजनावरून होणारे अपमान याविषयी उघडपणे सांगितले, तेव्हा देशभर खळबळ उडाली आणि चौकशा सुरू झाल्या. गुण देताना परीक्षक शरीराची ‘रेषा’ पाहतात, त्यामुळे प्रशिक्षकाची नजर काट्यावर जाते. वयोमर्यादा वाढवणे हा यावरचा एक उपाय. फिगर स्केटिंगने 2022 मध्ये वरिष्ठ गटाचे किमान वय टप्प्याटप्प्याने 17 करायचे ठरवले. रिदमिकमध्ये ते 16 आहे. पण ज्या वर्षांत हाडे घडतात ती वर्षे कोणत्याही वरिष्ठ स्पर्धेच्या बरीच आधी निघून जातात, म्हणून नुसत्या वयोमर्यादेवर विसंबणे भाबडेपणाचे ठरेल.

महाराष्ट्रातही हा खेळ आता नवखा राहिलेला नाही. ठाण्याच्या संयुक्ता काळेने खेलो इंडियात आणि राष्ट्रीय स्पर्धांत सुवर्णपदके मिळवल्यानंतर अनेक घरांतल्या पाच-सहा वर्षांच्या मुली वर्गांना जाऊ लागल्या आहेत. त्यांच्या पालकांनी पदकांच्या वहीशेजारी आणखी एक नोंद ठेवावी: दर तीन महिन्यांनी उंची, आणि पुढे पाळीच्या तारखा. 15 वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा आलेली पाळी सलग तीन महिने चुकली असेल, तर डॉक्टरांकडे जावे. सरावामुळे असे होतेच, हे उत्तर कोणी दिले तरी तपासणी करून घ्यावी. पायाच्या हाडात ताणाने दुसऱ्यांदा चीर पडली, तर प्लास्टरसोबत आहाराचीही चौकशी व्हायला हवी.

लॉस एंजेलिसचे ऑलिम्पिक जुलै 2028 मध्ये आहे. वारफोलोमेयेव्ह तेव्हा 21 वर्षांची असेल. कानाएवाने दुसरे सुवर्ण जिंकले ते 22 व्या वर्षी.