निवाड्याआधी पाटाच्या टोकापर्यंत

समाज बदलण्याची घाई ज्याला झालेली असते, त्याला एक मोह सतत खुणावत असतो. समोरची अपरिचित गोष्ट मुळात काय आहे हे विचारण्याआधीच ती पुरोगामी की प्रतिगामी, हे ठरवून टाकण्याचा तो मोह. शास्त्रे त्यातून सुटलेली नाहीत आणि चळवळीही सुटलेल्या नाहीत. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील फड पद्धत या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

पांझरा आणि मोसम यांसारख्या नद्यांवर ओळीने बंधारे घालून शेतीला पाणी देण्याची ही व्यवस्था काही शतके चालत आली. एका बंधाऱ्याखालची जमीन साधारणतः चार फडांत विभागलेली असे. एका हंगामात एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पुढे ते क्रमाने बदलायचे, असा दंडक होता. शेतकऱ्याने पाण्याला स्वतः हात लावायचा नाही. ते पाटकऱ्याने द्यायचे. पिकाची राखण जागल्याने करायची आणि या सेवकांचा मोबदला शेतकऱ्यांनी मिळून भागवायचा. अनेकांच्या जमिनी सलग नसत. त्या वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असत.

पाठ्यपुस्तकी अर्थशास्त्र घेऊन येणाऱ्याला येथे दोषच दिसतात. पीक निवडण्याचे स्वातंत्र्य नाही, म्हणजे प्रेरणा नाही. जमिनी विखुरलेल्या, म्हणजे श्रमांचा अपव्यय. १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला, त्यामागेही हीच विचारसरणी होती.

परंतु हेच नियम पाटाच्या कडेने चालत पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ पालटतो. फडात एकच पीक असल्यामुळे सर्वांना पाणी एकाच सुमारास लागते. पाळी ठरवणे सोपे होते, वाटेत मुरणारे पाणी वाचते आणि उसाचे पाणी शेजारच्या ज्वारीत शिरून तिचे नुकसान करीत नाही. टंचाईच्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी ज्याची जमीन अनेक फडांत आहे तो सर्वस्वी बुडत नाही. तोटा वाटला जातो. ज्याला अपव्यय म्हटले गेले, तो दुष्काळाशी झगडणाऱ्या शेतकऱ्याचा विमा होता.

ही चूक खानदेशापुरती नव्हती. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने असा सिद्धान्त मांडला की सामाईक कुरणाचा नाश अटळ असतो, कारण प्रत्येक गुराखी आपले एकेक जनावर वाढवीतच जातो. उपाय दोनच : खासगी मालकी किंवा शासनाचे नियंत्रण. आपापसात बोलून नियम करणारी माणसे या चित्रात नव्हतीच. पुढे स्वतः हार्डिनलाच मान्य करावे लागले की आपले म्हणणे व्यवस्थापन नसलेल्या सामाईक मालमत्तेपुरते खरे आहे. तोवर त्याचा आधार घेऊन बरेच युक्तिवाद होऊन गेले होते.

एलिनॉर ऑस्ट्रम यांनी उलट वाट धरली. स्वित्झर्लंडमधील कुरणे, स्पेनमधील पाट, जपानमधील गावांची राने कशी चालतात, हे त्यांनी आधी पाहिले व त्यातून १९९० साली आपला ग्रंथ सिद्ध केला. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. नेपाळमधील सिंचनाचा त्यांचा व सहकाऱ्यांचा अभ्यास तर डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तेथे शेतकऱ्यांनी दगडमातीने बांधलेले ओबडधोबड बांध पुष्कळदा सरकारी काँक्रीटच्या बांधांपेक्षा टोकाच्या शेतापर्यंत अधिक खात्रीने पाणी पोचवीत होते. कच्चा बांध दरवर्षी दुरुस्त करावा लागतो, त्यासाठी मुखाकडच्या शेतकऱ्याला टोकाकडच्याचे श्रम लागतात, आणि म्हणून त्याच्या पाण्याचीही कदर करावी लागते. बांध पक्का झाला की ती गरज संपते. अभियंत्याने बांधाचा कच्चेपणा पाहिला, परंतु त्यावर उभा असलेला करार त्याला दिसला नाही.

येथे एक इशारा आवश्यक आहे. समजून घेणे म्हणजे गौरव करणे नव्हे. फडाचा समतोल जमीनधारकांमधला होता. ज्याला जमीनच नव्हती त्याला त्या पाण्यात वाटा नव्हता. गावगाड्याच्या विषमतेवर फुले आणि आंबेडकर यांनी केलेले आघात यामुळे तसूभरही बोथट होत नाहीत. मात्र ते आघात अचूक बसले, कारण त्या दोघांनी ती व्यवस्था आतून जाणली होती. निवाडा टाळावा असे येथे म्हणणे नाही. तो मागाहून यावा, एवढेच म्हणणे आहे. अज्ञानातून केलेला निषेध आणि अज्ञानातून केलेला जयजयकार, दोन्ही सारखेच निरुपयोगी असतात.

कार्यकर्त्याच्या दृष्टीने हा प्रश्न तात्त्विक नाही. २००५ साली महाराष्ट्रात शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला. पाणीवापर संस्था त्यातून उभ्या राहिल्या, पण कायद्याच्या कलमांतून परस्परांवरचा विश्वास निर्माण होत नाही. तो जेथे पूर्वीपासून कोणत्या तरी रूपात नांदत होता, तेथे त्याची विचारपूस केल्यावाचून नवी घटना लादणे म्हणजे जुने घर पाडून त्याच्या विटांना माती समजणे होय.

म्हणून गावात जाऊन ठराव मांडण्यापूर्वी पाटाच्या मुखापासून टोकापर्यंत एकदा पायी जावे. पाणी कोण देतो, पाळी कोण ठरवतो, ती मोडली तर काय होते आणि या सगळ्यातून कोण वगळला गेला आहे, हे शेवटच्या शेतकऱ्याला आणि त्याच्या बांधावर राबणाऱ्या मजुराला विचारावे. ठराव त्यानंतरही मांडता येतो, आणि तेव्हा तो बहुधा निराळा असतो.